एनएस-थ्री आणि सुमो: घोडबंदर रोडवरच्या गाड्यांची लिंक मोजायला ही जोडी कशी आहे?

रस्त्यावर धावणाऱ्या गाड्या एकमेकींशी थेट रेडिओवर बोलत असतील, तर त्यांच्यातली लिंक किती सेकंद टिकेल? हा प्रश्न सोडवायला फुकटात मिळणाऱ्या साधनांत एनएस-थ्री हा नेटवर्क सिम्युलेटर आणि सुमो हा वाहतुकीचा सिम्युलेटर ही जोडी सगळ्यात भरवशाची वाटते. सुमो गाड्या हलवतो, एनएस-थ्री त्यांच्यावर रेडिओ आणि राउटिंग (पॅकेट कुठल्या वाटेने जाणार ते ठरवणं) बसवतो. दोन्ही मुक्त परवान्याखाली आहेत आणि दोन्हींमागे बऱ्याच वर्षांचं काम आहे. एनएस-थ्रीची पहिली आवृत्ती २००८ ची, तर सुमो जर्मनीच्या अंतराळ संशोधन केंद्रात त्याच्याही आधीपासून घडत आला.

तरीही या जोडीतून निघालेले आकडे बऱ्याचदा चुकतात. दोष राउटिंगला दिला जातो, पण चूक असते हालचालीत. नोड कसे हलतात हे अंदाजाने भरलं की लिंकचा आकडाही अंदाजाचाच येतो, मग पुढे आलेख कितीही सुबक काढा. म्हणून इथे भर हालचालीवर आहे आणि उदाहरणं ठाणे-नवी मुंबईची आहेत. (नवी मुंबईत ‘नोड’ म्हटलं की सिडकोचे वाशी, नेरूळ, खारघर आठवतात. इथे नोड म्हणजे रेडिओ असलेली हलती वस्तू: गाडी, मोबाइल, ड्रोन.)

बसवण्याबद्दल थोडक्यात. उबुंटू सगळ्यात सोपं, विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) वापरा. ३.३६ आवृत्तीपासून एनएस-थ्रीची बांधणी (बिल्ड) सीमेक या साधनावर गेली, त्यामुळे जुन्या व्हिडिओंमधल्या ‘वाफ’ या आधीच्या साधनाच्या आज्ञा आता चालत नाहीत. गाड्यांच्या नेटवर्कसाठी पूर्वी असलेलं ‘वेव्ह’ मॉड्यूलही नव्या आवृत्त्यांत नाही, ८०२.११पी (गाड्यांसाठीचं वायफाय मानक) हवं असेल तर वायफाय मॉड्यूलमध्ये ते मानक निवडायचं. लॅपटॉपला रॅम कमी असेल तर कंपाइल करताना एका वेळी दोनच कामं चालू ठेवा, नाहीतर मशीन मध्येच अडकतं. आणि शेवटच्या धावा (रन) ऑप्टिमाइझ्ड प्रोफाइलमध्येच घ्या, डीबग प्रोफाइल फार संथ चालतं. फक्त ऑप्टिमाइझ्डमध्ये लॉग आणि असर्ट (कोडमधल्या चूक पकडणाऱ्या तपासण्या) दोन्ही बंद असतात, म्हणून कोड आधी डीबगमध्ये स्वच्छ चालल्याची खात्री करूनच तिकडे जा.

आता तयार मोबिलिटी मॉडेल, म्हणजे नोड कसे हलतील ते ठरवणारे नियम. एनएस-थ्रीत ती भरपूर आहेत आणि जोडायला दोन-चार ओळी पुरतात. धोका त्यांच्या डिफॉल्ट किमतींत आहे. रँडम वेपॉइंटचा डिफॉल्ट वेग ०.३ ते ०.७ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी साधारण १ ते २.५ किलोमीटर. ही रेंगाळत चालणाऱ्या माणसाची चाल झाली. ‘व्हॅनेट’ (गाड्यांचं आपसातलं नेटवर्क) असं शीर्षक देऊन हा वेग तसाच ठेवला तर लिंक अप्रतिम टिकणार, यात नवल नाही. गाउस-मार्कोव्ह या दुसऱ्या मॉडेलमध्ये आल्फाची (आधीच्या चालीची आठवण किती ठेवायची त्या आकड्याची) डिफॉल्ट किंमत १ आहे. आल्फा १ म्हणजे नोड आधीचाच वेग आणि दिशा धरून ठेवतो, म्हणजे हद्द लागेपर्यंत सरळ रेषेत जातो. मॉडेलचा सगळा अर्थ आल्फा ० आणि १ च्या मधे आहे, तो हाताने भरावा लागतो. शिवाय हे मॉडेल त्रिमितीय आहे. जमिनीवरच्या नोडसाठी उंचीची वरची-खालची हद्द सारखी ठेवा, नाहीतर रिक्षा उडायला लागतील.

रँडम वेपॉइंटबद्दल जरा जास्त लिहायला हवं, कारण प्रोजेक्टमध्ये सर्रास तेच येतं. नोड एखादा बिंदू निवडतो, एखादा वेग निवडतो, तिथे पोचतो, थांबतो, पुन्हा निघतो. ऐकायला निरुपद्रवी वाटतं. पण हळू वेग निवडलेला नोड वाटेत जास्त वेळ घालवतो, त्यामुळे कुठल्याही क्षणी पाहिलं तर हळू चालणारेच जास्त दिसतात. वेग १ ते २० मीटर प्रति सेकंद ठेवला तर सरासरी १०.५ असेल असं वाटतं. थांबा शून्य धरला तरी स्थिरावल्यावरची सरासरी कमाल-किमान फरक भागिले त्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम, म्हणजे १९ भागिले २.९९६, सुमारे ६.३ येते. सुरुवातीचे काही मिनिटं नेटवर्क वेगवान असतं, मग हळूहळू मंदावतं, आणि त्याबरोबर लिंकचं सरासरी आयुष्य वाढत जातं. किमान वेग शून्य ठेवला तर सरासरी शून्याकडेच घसरत राहते. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे २००३ मध्येच दाखवून दिलं. उपाय दोन: किमान वेग शून्याच्या बराच वर ठेवून सुरुवातीचा काळ टाकून देणं, किंवा एनएस-थ्रीतलंच स्टेडी-स्टेट रँडम वेपॉइंट वापरणं, ज्यात नोड पहिल्या क्षणापासून स्थिरावलेल्या अवस्थेत असतात. तरीही दुसरा दोष उरतोच. चौकोनी मैदानात नोड मध्यभागी गोळा होतात आणि कडा ओस पडतात. घोडबंदर रोडवर असं मैदान कुठे आहे?

सुमो जोडण्याआधी एक परीक्षा जरूर घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. दोनच नोड, समोरासमोर, प्रत्येकी ताशी ४० किलोमीटर, स्थिर वेगाचं मॉडेल. रेडिओसाठी रेंज प्रोपगेशन लॉस (ठराविक अंतराच्या आत सिग्नल पोचतो, बाहेर नाही असं साधं मॉडेल) घ्या, त्याची डिफॉल्ट रेंज २५० मीटर आहे. सापेक्ष वेग ताशी ८०, म्हणजे २२.२ मीटर प्रति सेकंद. लिंक ५०० मीटर पार होईपर्यंत जिवंत राहणार, म्हणजे २२.५ सेकंद. दोन रांगांत २० मीटरचं अंतर धरलं तरी उत्तर २२.४ च येतं. तुमच्या कोडमधून हा आकडा येत नसेल तर शंभर नोडचं काहीही चालवू नका. मग दुसरी जोडी घ्या: एकाच दिशेने, वेगात ताशी फक्त ५ किलोमीटरचा फरक. आता ५०० मीटर सरकायला ३६० सेकंद लागतात. रस्ता तोच, रेडिओ तोच, पण आयुष्य सोळा पट! गाड्यांच्या नेटवर्कमध्ये लिंकच्या आयुष्याचा आलेख दोन उंचवट्यांचा का येतो हे इथेच कळतं, आणि ‘सरासरी लिंक आयुष्य’ असा एकच आकडा छापणं का अपुरं आहे तेही.

या परीक्षेत लोक हमखास चुकतात ती जागा म्हणजे ‘कोर्स चेंज’ हा ट्रेस (एनएस-थ्री आपल्या कोडला देतो ती सूचना). नोडची दिशा किंवा वेग बदलला तरच तो वाजतो. सरळ जाणारा नोड रेंजमधून बाहेर पडला तरी तो गप्प राहतो. लिंक तुटली हे कळायला ठराविक काळाने अंतर मोजावंच लागतं. दर सेकंदाला मोजलं तर समोरासमोरच्या गाड्या तेवढ्यात २२ मीटर सरकलेल्या असतात, ०.१ सेकंद बरा. १०० नोड म्हणजे ४,९५० जोड्या, ६०० सेकंदांत ६,००० वेळा तपासणी, एकूण सुमारे २ कोटी ९७ लाख. आकडा मोठा दिसतो, पण नुसतं अंतर काढणं स्वस्त असतं.

सुमोकडे वळू. नकाशासाठी सुमोबरोबर येणारं ओएसएम (ओपनस्ट्रीटमॅप) वेब विझार्ड उघडा आणि माजिवडा ते कापूरबावडी असा साधारण दोन किलोमीटरचा चौकोन निवडा. डाव्या बाजूने वाहतूक असा पर्याय तिथे आहे, तो टिचकवायला विसरू नका. विसरलात तर चूक लगेच दिसत नाही. दुभाजक असलेल्या रस्त्यांची दिशा नकाशातूनच येते, म्हणून हायवे ठीक वाटतो. आतल्या दुहेरी गल्ल्यांत मात्र गाड्या उजवीकडून धावतात आणि चौकातली वळणं उलटी होतात. लेनची संख्या नकाशात सगळीकडे भरलेली नसते, तिथे सुमो रस्त्याच्या दर्जावरून अंदाज बांधतो. सर्व्हिस रोड, यू-टर्न आणि सिग्नल यांवर नेटएडिट या सुमोच्या नकाशा-संपादकात एकदा स्वतः नजर फिरवा. मेट्रोच्या कामामुळे बदललेला रस्ता नकाशात जुनाच असू शकतो.

गाड्या भरायला रँडम ट्रिप्स ही स्क्रिप्ट सोपी पडते. पण ती जशीच्या तशी चालवली तर बऱ्याच गाड्या मधल्याच गल्लीत जन्मतात आणि तीनशे मीटरवर संपतात. फ्रिंज फॅक्टर १० ठेवा, म्हणजे बहुतेक गाड्या नकाशाच्या कडेवरून येतील आणि कडेवरून जातील. हायवेवर वाहतूक अशीच असते.

मग येतो टेलिपोर्ट, आणि ठाण्यासाठी ही सगळ्यात मोठी खाच. एखादी गाडी ३०० सेकंद अडकून राहिली तर सुमो तिला रस्त्यावरून उचलतो आणि मार्गावर पुढे जागा मिळेल तिथे ठेवतो. वाहतुकीच्या अभ्यासात कोंडी पूर्ण गोठू नये म्हणून ही सोय आहे. लिंकच्या अभ्यासात मात्र ती विषासारखी आहे. कोंडीत उभ्या दोन गाड्यांची लिंक सगळ्यात जास्त टिकते, आणि नेमकी तीच लिंक पाचव्या मिनिटाला कापली जाते. वर गाडी काही सेकंद गायब होऊन भलत्याच शेजाऱ्यांमध्ये उगवते. टाइम-टू-टेलिपोर्टची किंमत उणे १ करा. त्यानंतर चौक पूर्ण जाम झाला तर दोष सिग्नलच्या वेळांत किंवा लेनच्या जोडण्यांत आहे, तो तिथे जाऊन दुरुस्त करा, गाड्या उचलून नाही.

दुसरी खाच दुचाकींची. सुमोच्या मूळ मॉडेलमध्ये एक लेन म्हणजे एक रांग, त्यामुळे स्कूटर कारच्या मागे निमूटपणे उभी राहते. तीन हात नाक्याला लाल सिग्नलवर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: दुचाकी फटीफटीतून पुढे येतात आणि थांबरेषेपाशी जमतात. म्हणजे स्कूटरचे शेजारी सिग्नल लाल असतानाच बदलतात. हे दाखवायला सबलेन मॉडेल (एका लेनचे अरुंद पट्टे पाडणारं) सुरू करावं लागतं. लॅटरल रिझोल्यूशन (पट्ट्याची रुंदी) ०.८ मीटर ठेवून दुचाकींचा वेगळा वाहनप्रकार द्या. सिम्युलेशन बरंच हळू होतं, पण त्याशिवाय दुचाकींच्या लिंक खोट्या स्थिर येतात. मिश्र वाहतुकीच्या प्रोजेक्टमध्ये हा पर्याय न घेणं मान्य होण्यासारखं नाही.

सुमोचं एफसीडी (फ्लोटिंग कार डेटा) आउटपुट सिम्युलेशनच्या दर पावलाला प्रत्येक गाडीची जागा लिहितं. ५०० गाड्या आणि एक तास असेल तर एक सेकंदाच्या पावलाने १८ लाख नोंदी होतात, ०.१ च्या पावलाने एक कोटी ८० लाख. डिस्कमध्ये जागा पाहूनच पाऊल ठरवा. ट्रेस एक्सपोर्टर ही स्क्रिप्ट त्यातून एनएस-टू या जुन्या सिम्युलेटरच्या पद्धतीची हालचाल फाइल काढते आणि एनएस-थ्रीचा एनएस-टू मोबिलिटी हेल्पर ती वाचतो. फाइलमध्ये जितके नोड आहेत तितके आधी तयार केलेले असायला हवेत.

या हस्तांतरात भुतं तयार होतात. सुमोमध्ये गाडी २०० व्या सेकंदाला येते आणि ३५० व्या सेकंदाला नकाशाबाहेर जाते. एनएस-थ्रीतला नोड मात्र शून्याव्या सेकंदापासून शेवटपर्यंत अस्तित्वात असतो. यायच्या आधी तो पहिल्या जागेवर उभा असतो, गेल्यावर शेवटच्या जागेवर, आणि रेडिओ सतत चालू. गाड्या नकाशाच्या कडेवरून येत-जात असल्याने कडेच्या दोन-तीन जागांवर डझनावारी भुतं साचतात, एकमेकांशी अखंड लिंक धरून, एकमेकांचा रेडिओ चॅनेलही अडवत. लिंकचं सरासरी आयुष्य अचानक भरघोस दिसायला लागलं तर आधी संशय यांच्यावर घ्या. ट्रेस एक्सपोर्टर हालचालीबरोबर अ‍ॅक्टिव्हिटी फाइलही देतो, त्यात प्रत्येक गाडीची सुरुवात आणि शेवट असतो. त्या वेळांबाहेर रेडिओ झोपवा, अ‍ॅप्लिकेशन थांबवा आणि लिंक मोजणाऱ्या कोडमध्येही तो नोड वगळा. तिन्ही करा, फक्त अ‍ॅप्लिकेशन थांबवलं तर राउटिंगचे हॅलो (‘मी इथे आहे’ असे शेजाऱ्यांना जाणारे छोटे संदेश) चालूच राहतात.

माजिवड्याला आणखी एक अडचण आहे, उड्डाणपूल. हालचाल फाइल व्यवहारात दोन मितींची असते. पुलावरची गाडी आणि बरोबर तिच्या खाली सिग्नलला थांबलेली रिक्षा यांच्यातलं अंतर त्यामुळे शून्य मीटर येतं आणि लिंक सर्वोत्तम ठरते, खरं तर मधे काँक्रीटचा जाड थर आहे. एफसीडीमध्ये प्रत्येक नोंदीबरोबर लेनचं नाव असतं. त्यावरून पुलावरच्या आणि खालच्या गाड्यांची वेगळी यादी करा आणि दोन याद्यांमधल्या जोड्यांना जादा क्षय (सिग्नलची घट) लावा. एवढा वेळ नसेल तर जागाच बदला: पाम बीच रोडचा नेरूळजवळचा सरळ तुकडा पहिल्या प्रयोगाला कितीतरी सोपा आहे.

रेडिओच्या बाजूला तीन गोष्टी. एनएस-थ्रीच्या डिफॉल्ट वायफाय चॅनेलमध्ये लॉग-डिस्टन्स मॉडेल (अंतराबरोबर सिग्नल कसा घटतो ते सांगणारं) असतं: घातांक ३ आणि एक मीटरवरचा क्षय ४६.६८ डेसिबल. हा आकडा ५.१५ गिगाहर्ट्झचा आहे. तुमचा रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा असेल तर तिथे ४०.०५ हवा, आणि तो आपोआप बदलत नाही. डिफॉल्ट १६ डीबीएम शक्ती आणि उणे ८२ डीबीएमची सीमा धरली तर पहिल्या आकड्याने रेंज सुमारे ५१ मीटर येते, दुसऱ्याने ८५. लिंकचं आयुष्य रेंजच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे या एका ओळीने सगळे निकाल दीडपटीहून जास्त हलतात. रेंज इतकी लहान असेल तर हेही ध्यानात ठेवा की सुमो गाडीच्या पुढच्या टोकाची जागा देतो. १२ मीटरच्या बसच्या मागच्या बाजूला अँटेना असेल तर फरक पडतो.

नाकागामी फेडिंग (सिग्नलच्या यादृच्छिक चढउताराचं मॉडेल) लावलं की लिंक कडेवर उघडझाप करते, कारण प्रत्येक पॅकेटसाठी नशीब नव्याने काढलं जातं. इमारतीमागे गेलेली गाडी काही सेकंद सलग आडोशाला राहते, हे त्यात येत नाही. तुटण्याची आणि जुळण्याची सीमा वेगवेगळी ठेवा, नाहीतर एकाच लिंकचे वीस तुकडे मोजले जातील. आडोसा नीट हवा असेल तर एनएस-थ्रीचं बिल्डिंग्ज मॉड्यूल वापरा.

तिसरी गोष्ट जुनी आहे पण अजून फसवते. हॅलो संदेश प्रसारणाने, कमी दराने जातात, म्हणून लांब पोचतात. डेटा जास्त दराने जातो, तो तितका पोचत नाही. मधल्या पट्ट्यात शेजारी दिसतो पण पॅकेट पोचत नाही. तुलना स्वच्छ हवी असेल तर दोन्हींचा दर सारखा ठेवा.

राउटिंगच्या घड्याळांकडे लिंकच्या आयुष्याशेजारी ठेवूनच पाहावं. एओडीव्ही आणि ओएलएसआर हे दोन नेहमीचे राउटिंग प्रोटोकॉल घ्या. एओडीव्हीचा हॅलो दर सेकंदाला जातो आणि दोन चुकले की लिंक तुटली असं मानलं जातं. ओएलएसआरचा हॅलो दर २ सेकंदांनी जातो आणि शेजारी ६ सेकंद धरून ठेवला जातो. समोरून येणाऱ्या गाडीशी २२.५ सेकंदांची लिंक असेल तर ओएलएसआर ती जुळल्याचं ओळखायला दोन-चार सेकंद घालवतो आणि तुटल्यावर जवळपास ६ सेकंद मेलेल्या वाटेवर पॅकेट पाठवत राहतो. एकाच दिशेच्या ३६० सेकंदांच्या लिंकला हेच ६ सेकंद काहीच नाहीत. ‘वेग वाढला की ओएलएसआर वाईट’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे, सापेक्ष वेग कोणाचा ते लिहायला हवं.

मोजणीत दोन चुका वारंवार दिसतात. सिम्युलेशन ३०० सेकंदांचं आणि लिंक ३६० ची असेल तर ती लिंक कधी पूर्ण दिसणारच नाही. सुरुवातीला आधीच जुळलेल्या आणि शेवटी अजून जिवंत असलेल्या लिंक वेगळ्या नोंदवा आणि धाव सगळ्यात लांब लिंकपेक्षा कितीतरी मोठी ठेवा. दुसरी चूक म्हणजे एकच धाव दहा वेळा घेणं. एनएस-थ्री मुद्दाम दर वेळी तेच यादृच्छिक आकडे देतो, म्हणून धाव क्रमांक स्वतः बदलावा लागतो. तो बदलला तरी ट्रेस फाइल (सुमोतून आलेली हालचाल फाइल) तीच राहते, त्यामुळे सुमोचं बीजही (यादृच्छिक आकड्यांचा आरंभ-आकडा) बदलून नव्या फाइल काढा. मात्र दोन प्रोटोकॉलची तुलना करताना दोघांना एकच ट्रेस द्या, नाहीतर फरक प्रोटोकॉलचा की हालचालीचा ते कळणार नाही.

ही जोडी कधी घेऊ नये? संदेश मिळाल्यावर गाडीने ब्रेक लावायचा किंवा वाट बदलायची असेल तर आधीच लिहिलेली ट्रेस फाइल उपयोगाची नाही. तिथे ओमनेट++ या दुसऱ्या नेटवर्क सिम्युलेटरवरचं व्हेन्स घ्या, ते सुमोशी चालू असतानाच बोलतं आणि इमारतींचा आडोसाही सुमोच्या नकाशातून घेतं. उलट फक्त लिंकचं आयुष्य हवं असेल, पॅकेट नको असतील, तर एनएस-थ्रीचीही गरज नाही. बॉनमोशन हे जावातलं छोटं साधन हालचाल तयार करून त्यातल्याच लिंकडंप या आज्ञेने प्रत्येक लिंकची वेळ लिहून देतं, आणि सुरुवातीचे ३,६०० सेकंद आपणहून टाकून देतं. आठवडाभराचाच वेळ असलेल्यांनी खुशाल तेच घ्यावं.

ठाणे–वाशी लोकलचा डबा अभ्यासायचा असेल तर मात्र बॉनमोशनचं गट-हालचाल मॉडेल घेऊ नका, कारण त्यात गटाचं केंद्र रँडम वेपॉइंटनेच भटकतं, रुळावरून जात नाही. एनएस-थ्रीचं हायरार्किकल मॉडेल इथे चपखल बसतं: पालक म्हणजे गाडी, तिला वेपॉइंट मॉडेलने ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे अशा थांब्यांच्या वेळा चढत्या क्रमाने द्या; मूल म्हणजे प्रवासी, डब्यातल्या आपल्या जागेवर. आत सापेक्ष वेग जवळपास शून्य असतो, लिंक तुटते ती प्रवासी उतरल्यावरच, म्हणून चढण्या-उतरण्याच्या वेळा प्रत्येक स्टेशनसाठी वेगळ्या भरा. तुर्भ्यानंतर गाडी सानपाडा–वाशीकडे जाणार की जुईनगर–नेरूळकडे, त्याप्रमाणे पालकाचे दोन वेगळे संच लागतील.